कोपऱ्यातली तारीख

मित्रांनो, मी एक जुना व्हिडिओ कॅमेरा आहे. खांद्यावर घ्यावा लागणारा, पोटात अख्खी कॅसेट मावणारा. सध्या माझा मुक्काम कोल्हारच्या अंगणवाडीतल्या लोखंडी कपाटात, वरून दुसऱ्या कप्प्यात असतो. शेजारी खडूंचा डबा आणि बाळांचा वजनकाटा आहे. काट्याला इथे फार भाव, मला कुणी विचारत नाही. पण एक काळ असा होता, की मी आल्याशिवाय नवरदेव घोड्यावर चढत नसे!

१९९१ साली गोरक्षभाऊंनी मला नगरहून आणलं. एसटीत मांडीवर घेऊन बसले होते, लहान लेकरासारखं. स्टँडसमोर त्यांचा फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली लग्नं मी काढली. हळदी, वराती, रुसलेले मामा, जेवताना तोंड लपवणाऱ्या मावश्या, सगळं माझ्या पोटात गेलं. आमच्याकडे लग्नाच्या शूटिंगला एक पक्का नियम होता. कोपऱ्यात तारीख आणि वेळ दिसलीच पाहिजे. अक्षता मुहूर्तावर पडल्या की पाहुण्यांच्या मानपानात अर्धा तास उशिरा, याचा पुरावा दोन्हीकडच्या मंडळींना हवा असे. त्यामुळे माझी तारीख कधी बंद म्हणून झालीच नाही. भाऊंच्या डोळ्यांना तर ती दिसेनाशीच झाली होती.

आषाढी एकादशी आली की लग्नं थांबत, ती थेट तुळशीच्या लग्नापर्यंत. ते चार महिने मी कपाटात पडून असे. कसलं ते जिणं! दमट हवा, डांबरगोळ्यांचा वास आणि भिंगाला बुरशीची भीती.

१९९६ च्या पावसाळ्यात मात्र कपाटाचं दार उघडलं. समोर प्रज्ञा उभी होती. प्रज्ञा म्हणजे आमच्या स्टुडिओत फोटोंना रंग भरणारी, लग्नाच्या कॅसेटवर सुंदर अक्षरात 'शुभविवाह' लिहिणारी बावीस वर्षांची मुलगी. तिची आई भिमाबाई अंगणवाडीत मुलांना गोष्टी सांगायची आणि वडील सोपानआप्पा एसटीच्या वर्कशॉपमध्ये मेकॅनिक होते.

"भाऊ, नाहीतरी हा रिकामाच आहे," प्रज्ञा म्हणाली. "आईच्या गोष्टींची मला हलती चित्रं करायची आहेत. आपल्या केबलवर लावायची."

भाऊ हसले. "कर की. पन तुळशीच्या लग्नाआधी मला परत पायजे. राजूरचा एक जन मागतोय, त्याला देऊन मी छोटा कॅमेरा घेनार हाय."

हे ऐकून माझ्या पोटातली चाकंच थांबली, मित्रांनो. मला विकणार होते!

केबल चालवायचे कारभारीअण्णा. त्यांच्या गच्चीवरच्या डिशमधून कोल्हारला दुनिया दिसायची. त्यांनीही अट घातलीच. "शनिवारी पिक्चरच्या आधी धा मिनिटं देतो. तुळशीच्या लग्नापत्तुर एखादा दुकानदार जाहिरातीला उभा कर. न्हाईतर तुझी गोष्ट बंद."

प्रज्ञाने मान हलवली आणि भाऊंकडे वळली. "जाहिरात मिळाली, गोष्टी चालू राहिल्या, तर कॅमेरा विकायचा नाही. कबूल?"

"कबूल," भाऊ म्हणाले. मिळणार नाही याची त्यांना खात्रीच होती.

आप्पांनी बसच्या मोडक्या सीटचे पाइप जोडून एक घोडा बनवला. त्यावर मला खाली तोंड करून टांगलं. मी लग्नं काढणारा मानाचा कॅमेरा, आणि वटवाघळासारखा लटकलो! माझ्याखाली काच आणि काचेवर पुठ्ठ्याची बकरी होती. प्रज्ञा बकरीचा पाय केसभर सरकवायची, माझं बटण दाबून सोडायची, पुन्हा पाय सरकवायची. माझी सवय तासन्‌तास पळायची, तिला मात्र माझा अर्धा सेकंदच हवा असे. बटण दाबून दाबून तिच्या बोटाला घट्टा पडला. पाठ धरली की ती उभी राहायची, कंबर मोकळी करायची आणि पुन्हा खाली वाकायची. चित्र झालं की भिमाबाई माझ्या माईकसमोर बसून आवाज भरायची.

पहिली गोष्ट होती एसटीने नगरला निघालेल्या बकरीची. चार मिनिटांच्या गोष्टीला अकरा दिवस लागले. शुक्रवारी संध्याकाळी सगळे ती टीव्हीवर बघायला बसले आणि प्रज्ञाचा चेहरा उतरला. कोपऱ्यात माझी तारीख! बकरी एक पाऊल टाकी, तोवर घड्याळ पाच मिनिटं पुढे. बस पुलावर येईतो दोन दिवस सरलेले.

"तारीख काढायची राहिली," ती पुटपुटली, आणि तोंड ओढणीत खुपसून रडली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. चूक तिची असेल, पण तारीख माझी होती ना!

पुन्हा काढायला वेळ नव्हता. शनिवारी तशीच लागली.

रविवारी सकाळी स्टुडिओच्या पायरीवर पोरांची ही गर्दी! "ताई, बकरी दोन तारखेला बसली आन् बारा तारखेला उतरली. यष्टी एवढी लेट?" सगळी खिदळत होती. सोपानआप्पांना मात्र ते लागलं. "आमची गाडी एवढी लेट नसती!" म्हणत ते बराच वेळ बाजू मांडत राहिले.

मग एका चिमुरडीने विचारलं, "म्हंजे हे करायला तुला खरंच अकरा दिवस लागले?"

प्रज्ञाने मान डोलावली. मग हसली. त्या दिवसापासून तिने तारीख मुद्दाम ठेवली. शिवाय प्रत्येक गोष्टीच्या शेवटी ती सांगू लागली, "पुढे बकरीचं काय व्हावं, ते पोस्टकार्डावर लिहा. चित्रही काढा." पोस्टमन वैतागला, एवढी कार्डं येऊ लागली. कुणी बकरीला शाळेत घाला म्हणे, कुणी तिला विहिरीत पाडू नका म्हणून हात जोडी. पोरांनी काढलेली झाडं, घरं, कोंबड्या कापून प्रज्ञा पुढच्या गोष्टीत मांडायची. आपली कोंबडी टीव्हीवर बघायला अख्खी आळी जमायची.

बघणारे मिळाले, पण दुकानदार मिळेना. प्रज्ञा मला खांद्याला लावून बाजारपेठेत हिंडली. दुकानदार माझ्या छोट्या खिडकीला एक डोळा लावून बकरी बघत, खो खो हसत आणि "पुढल्या वर्षी बघू" म्हणत. सहादेवशेठ चपलावाले तेवढे तयार झाले.

"जाहिरात देतो. फकस्त बकरीच्या पायात आमच्या चपला घाल. आन् दर दोन मिनटाला तिनं म्हनायचं, चपला घ्या तर सहादेवशेठच्याच."

मला वाटलं, घाल बाई, घाल! माझा जीव वाचतोय. पण प्रज्ञा म्हणाली, "शेठ, तुमचं नाव गोष्टीच्या आधी घेते, नंतर घेते, एवढ्या मोठ्या अक्षरांत लिहिते. बकरीला मात्र हात लावायचा नाही. पोरं तिच्यावर जीव लावून आहेत."

"मग न्हाई जमायचं," शेठ म्हणाले.

घरी भिमाबाईने ऐकलं आणि लेकीच्या पाठीवरून हात फिरवला. "बरं केलंस. गोष्ट इकून गोष्ट वाचवायची, हे कसलं वाचवनं?" मला तेव्हा दोघींचाही राग आला होता, खोटं कशाला बोलू?

दिवाळी झाली. शेवटचा शनिवार आला. या वेळी प्रज्ञाने गोष्ट संपल्यावर स्वतःचा हात दाखवला. घट्टा पडलेलं बोट, पुठ्ठ्याची बकरी, केसभर सरकणारा पाय. कोपऱ्यात तारीख पळतच होती. मग तिचा आवाज आला, "मुलांनो, हे असं चालतं. आजची गोष्ट शेवटची असेल. ती चालू राहावी असं वाटत असेल, तर या वेळचं कार्ड मला धाडू नका. तुम्ही जिथून वस्तू घेता, त्या दुकानदाराला नेऊन द्या."

सोमवारी राजूरचा माणूस स्टुडिओत येऊन बसला. भाऊंनी मला फडक्याने पुसलं, माझी पेटी काढली. मी पेटीत गेलो. झाकण लागणार, तेवढ्यात बाहेर आरडाओरडा झाला. सहादेवशेठ आत शिरले. हातात कार्डांचा गठ्ठा, मागे पंधरा-वीस पोरं.

"ए बाई, काय लावलंयस हे?" शेठ ओरडले. "दोन दिस झाले, पोरं दुकानात येत्यात, कारड देत्यात. चप्पल दाखवू का म्हनलं, तर म्हनत्यात, चप्पल नको, बकरी पायजे! माझी सोताची नात घरात बोलंना माझ्याशी!" त्यांनी गठ्ठा टेबलावर आपटला. मग खुर्चीवर टेकले, आणि आवाज खाली आला. "ते अकरा दिवस... खरंच एवढं बसतीस व्हय तू?"

प्रज्ञाने बोट पुढे केलं. शेठनी ते निरखून बघितलं.

"आधी नाव, नंतर नाव," ते म्हणाले. "आन् बकरी ऱ्हाऊ दे अनवानीच."

पोरांनी असा काही गिल्ला केला की राजूरच्या पाहुण्यांनी चहा अर्धा टाकून बस गाठली. गोरक्षभाऊंनी मला पेटीतून बाहेर काढलं. शब्द पाळला गड्यानं.

पुढे तीन वर्षं मी तसाच उलटा लटकलो, आणि आनंदाने लटकलो. प्रत्येक शनिवारी शेठचं नाव झळके, आणि मग बकरी अनवाणी यायची, नव्या गोष्टीत नाहीतर जुन्या. माझं बटण झिजलं, तेव्हा प्रज्ञाने नवा कॅमेरा घेतला आणि मला आईच्या अंगणवाडीत आणून ठेवलं. माझ्यातल्या घड्याळाचा सेल कधीच संपलाय. चालू केलंच, तर कोपऱ्यात एक जानेवारी, बारा वाजल्याचं लुकलुकतं. मला आता आजची तारीखही सांगता येत नाही.

मित्रांनो, मला दुरुस्त करू नका, त्याची मला हौस नाही. पण माझ्यामागे, याच कप्प्यात कॅसेटी आहेत. त्यांना बुरशी धरू लागली आहे. वर्षातून एकदा त्यांना सावलीत हवा दाखवा, एकदा पुढे-मागे फिरवा, कोरड्या डब्यात ठेवा. बकरीसाठी म्हणून सांगत नाही मी. बकरी तर पुठ्ठ्याची होती. पण त्या कोपऱ्यात प्रज्ञाचे अकरा दिवस आहेत. ते पुन्हा कुणालाच काढता येणार नाहीत.