अर्धा गावात, अर्धा कुरणावर

मी एक पत्ता बोलतोय. घराचा किंवा गल्लीचा नव्हे, इंटरनेटवरच्या एका छोट्या कॅमेऱ्याचा. मला अंग नाही. आठ गटांत मांडलेले काही आकडे आणि काही अक्षरं, एवढाच माझा देह.

माझ्या आधीच्या पिढीतले पत्ते आखूड होते आणि जगाला पुरले नाहीत. नारिनच्या डोंगरातल्या आमच्या अख्ख्या गावाला मिळून एकच होता. आतल्याला बाहेर जाता येई, पण बाहेरच्याला एखाद्या घरातल्या वस्तूपर्यंत थेट पोहोचता येत नसे. आम्ही नवे मात्र इतके आहोत की मेंढीच्या गळ्यातल्या घंटेलाही स्वतंत्र पत्ता देता येईल.

मेंढपाळ असानकुलच्या गोठ्यात कॅमेरा लागला, त्या दिवशी मी जन्मलो. माझा पुढचा अर्धा भाग राउटरनं, म्हणजे घरात इंटरनेट आणणाऱ्या डब्यानं दिला. कुठली कंपनी, कुठलं गाव, कुठलं घर, ते तो सांगतो. मागचा अर्धा कॅमेऱ्याचा स्वतःचा. असानकुलची मुलगी झिपारगुल दूर राजधानीत, बिश्केकला जनावरांची डॉक्टर आहे. ती तिथून मला हाक मारी आणि गोठ्यात डोकावे.

या डोंगरी लोकांत प्रत्येकाला आपल्या सात पूर्वजांची नावं पाठ असावी लागतात. म्हणून असानकुलला मी लगेच आवडलो.

"हा आपल्यातलाच," तो बायकोला म्हणाला. "आधी घराणं सांगतो, मग स्वतःला."

"पण तुमच्यासारखं प्रत्येक पाहुण्याला ऐकवत नाही," कुमुश म्हणाली.

त्यांची करडी घोडी गाभण होती. आदल्या वर्षी तिचं शिंगरू अडून मेलं होतं, तीही जेमतेम वाचली होती. या खेपेला झिपारगुल दुरून लक्ष ठेवणार होती.

उन्हाळा लागला. बिऱ्हाड वरच्या कुरणावर निघालं. असानकुलनं लोकरीच्या नमद्याच्या तंबूबरोबर राउटर आणि कॅमेराही घोड्यावर लादला. वर दुसऱ्या कंपनीचा मोबाइल मनोरा होता. राउटरचा दिवा लागला आणि तो निश्चिंत झाला.

चूक तिथंच झाली. माझा पुढचा अर्धा जागेचा होता, तो गावातच राहिला. मागचा अर्धा कॅमेऱ्याबरोबर गेला आणि तिथं त्याला नवा पुढचा भाग जोडला गेला.

दुसऱ्याच सकाळी घोडीला कळा सुरू झाल्या आणि असानकुलनं मुलीला कळवलं. झिपारगुल हाक मारू लागली, पण जुन्या पत्त्यावर. रिकाम्या गोठ्याशी मी ती ऐकत होतो. पुन्हा आली, पुन्हा आली. वर माझा दुसरा अर्धा धडपडणाऱ्या घोडीकडे बघत होता, आणि त्याला कोणी हाक मारत नव्हतं.

शेवटी तिनं फोन केला.

"बाबा, काहीच दिसत नाही."

"का नाही दिसत? डबा तोच, कॅमेरा तोच, पत्ता तोच."

"पत्ता जागेचा असतो, बाबा."

"डोंगर चढलो म्हणून माझे सात बाप बदलले का गं?"

"तुमचे नाही, त्याचे बदलले! घोडी जगू दे, मग भांडा. फोनवर राउटरचं पान उघडा आणि कॅमेऱ्याचा नवा पत्ता वाचा."

असानकुल वाचू लागला. पूर्वज म्हणतात तसा, दर गटाला थांबून, ठसक्यात.

"मधली शून्यं सोडा, बाबा, चालतं."

"पूर्वज गाळायचे नसतात."

घोडीचं डोकं मांडीवर धरून बसलेली कुमुश ओरडली, "उरका, नाहीतर या घराण्यात घोडी राहायची नाही!"

पत्ता पुरा झाला आणि हाक वर योग्य जागी पोचली.

"एक पाय मागं दुमडलाय. बाबा, आधी शिंगरू हळूच आत सारा. आता खूर मुठीत झाकून धरा आणि पाय पुढं घ्या. ओढू नका! कळ येऊ दे."

कळ आली. शिंगरू आलं. ओलं, करडं.

गावात मला एवढंच कळलं, की हाका थांबल्या. उन्हाळाभर पुन्हा एकही आली नाही.

थंडी पडायच्या आत बिऱ्हाड खाली आलं आणि मी पुन्हा पुरा झालो; वरची हकीकत मला तेव्हाच कळली. हिवाळाभर शिंगरू माझ्या कॅमेऱ्याच्याच खांबाला अंग घासायचं. यंदा पुन्हा कुरणावर निघताना असानकुलनं आधी मुलीला फोन केला. म्हणाला, "वर पोचलो की नवं घराणं सांगतो."

तुम्हीही जागा सोडाल, तेव्हा हाक मारणाऱ्याला सांगून जा. मागं राहिलेल्याला हाक ऐकू येते. त्याला ओ देता येत नाही.