नावाच्या जागी चार सूर

मित्रांनो, झाकण उघडले की आधी खोकते आणि मग गाते, ती मी. एका शिंप्याच्या घरातली जुनी बाजाची पेटी.

सुताराने मला अंग दिले, पण वाचा दिली ती सूर जुळवणाऱ्या एका म्हाताऱ्याने. पितळेची एकेक पट्टी कानाशी धरून तो घासायचा, फुंकायचा, पुन्हा घासायचा. "घाई केली की पेटी जन्मभर बेसूर बोलते," असे तो म्हणायचा.

मग मी शिंपीदादांकडे आले. दिवसभर त्यांचे पाय शिवणयंत्रावर असत. संध्याकाळी प्रार्थनेच्या सभागृहात ते माझ्या साथीने देवाची कथा गाऊन सांगत. रंग भरला की माणसे उठायचे विसरत. अशी गायलेली कथा ज्याने एकदा मनापासून ऐकली, त्याला कोरडा उपदेश पुन्हा गोड लागत नाही.

पद रचणारा शेवटच्या ओळीत आपले नाव गुंफतो, हे तुम्हाला ठाऊक असेल. दादाही पदे रचत. पण नावाची जागा आली की ते गप्प होत, आणि तिथे मी एकटी चार सूर वाजवी. कुणी विचारलेच, "पद कुणाचं हो?" तर म्हणत, "पेटीला विचारा." माझा भाता अभिमानाने फुगे.

पुढे घशाचे दुखणे आले, शस्त्रक्रिया झाली आणि दादांचा गळा गेला. उरली ती कुजबुज. माझ्यावर आधी रुमाल पडला, मग अस्तराचे तागे. त्या ताग्यांखाली मी कित्येक वर्षे त्यांच्या बोटांची वाट पाहत होते.

मला बाहेर काढले ते त्यांच्या लेकीने. ती नव्या ढंगाची गाणी करते. कुठल्या कंपनीसाठी नाही, स्वतःच्या हिमतीवर. शिवून टांगलेल्या कोटांमध्ये ती माईक लावते, कारण कापड आवाजाचा घुमारा पिऊन टाकते. तिने वडिलांचे एक पद घेतले, त्याला ढोलाचा नवा ठेका दिला, माझे सूर भरून घेतले. गाणे त्याच संध्याकाळी लोकांपुढे जायचे होते. अडले होते एकच: कोणत्या नावाने? आठवडाभर डोके खाजवून तिने ‘वीजराणी’ ठरवले होते. आणि पदातल्या त्या जागी माझे चार सूर वगळून तिने तेच नाव गायले. बसलेही अगदी मापात.

दादांनी ऐकले. त्यांचे ओठ पदाबरोबर हलत होते. त्या जागी थांबले.

"बाबा, आवडलं नाही ना?"

"नव्या गाण्याला नावं ठेवणारा मी नव्हे," ते कुजबुजले. "ठेका तर झकास. पण ती जागा का भरलीस?"

"रिकामी होती म्हणून. तुम्ही का नाही भरलीत?"

"नाव घातलं की लोक माझ्याकडे बघतात. त्यांनी वर बघावं, असं मला वाटायचं."

तिच्या गाण्यात ढोल वाजवणारा मित्र तिथेच होता, तो हळूच म्हणाला, "काका, आजकाल नाव नसलं तर कुणी कुठंच बघत नाही."

दादांना हसू आले. "खरंय. हिला नाव हवंच. पण पोरी, भर बाजारात मागून हाक आली तर तुझी मान वळेल, असं घे. या वीजराणीला मी ओळखत नाही."

 लेकीने पदातून ते नाव पुसले आणि म्हणाली, "बाबा, बोटं द्या." भाता तिने हलवला, पट्ट्यांवर दादांची बोटे फिरली आणि तेच चार सूर पुन्हा त्या जागी बसले. नंतर गाण्याखाली तिने स्वतःचे नाव लिहिले: ‘शिंप्याची लेक’.

"लोक कपडे शिवायला टाकतील," मित्र म्हणाला.

"टाकू देत की. मापं बाबा घेतील."

ते गाणे आता दूरदूर ऐकतात म्हणे. शिंप्याची लेक गावोगाव गात फिरते. माझा आवाज यंत्रात साठलेला असल्याने मला न्यावे लागत नाही. दादा येता-जाता माझ्यावर हात ठेवतात, पण एकट्याने भाता ओढायला त्यांना धाप लागते. मग आम्ही दोघे दाराकडे बघत बसतो.

मित्रांनो, तुमच्या घरी एखादे वाद्य असेल, तर ते नुसते पुसून ठेवू नका. वारा खेळला नाही की आमचे सूर गंजतात. वाजवता येत नसले तरी चालेल. शेजारी एखादे थकलेले माणूस बसलेले असेल; भाता तुम्ही हलवा, बाकीचे ते बघेल.