एक भाग गाठ, दहा भाग फॉर्मॅलिन

मानवी देह नश्वर असला, तरी त्याचा तुकडा वर्षानुवर्षं जसाच्या तसा टिकवण्याची विद्या विज्ञानाने साध्य केली आहे. मसुऱ्याच्या धोंडू परबाच्या बाबतीत ही विद्या शनिवारी दुपारी चारपासून दिवेलागणीपर्यंत टिकली.

चार वाजता मालवणच्या डॉक्टरांनी धोंडूच्या मानेवरची गाठ काढली, प्लास्टिकच्या डब्यात फॉर्मॅलिनमध्ये बुडवली आणि डबा त्याच्या हाती दिला. "गाठीच्या दहा पट घातलंय. उघडायचं नाही. सोमवारी ओरोसच्या लॅबमध्ये द्या. कॅन्सर आहे की नाही, ते तिथेच कळेल."

तीन आठवडे धोंडूला झोप नव्हती ती याच एका प्रश्नापायी. रिक्षात त्याने डबा असा जपून धरला, की रिक्षावाल्याने जत्रेचा प्रसाद समजून हात पुढे केला.

घरी गोळी घेऊन तो आडवा झाला. उठला तेव्हा डबा ओट्यावर उपडा वाळत होता.

"गो, गाठ खंय आसा?"

"फ्रीजात," त्याची बायको काशीबाई म्हणाली.

"आणि पाणी?"

"उकिरड्यार वतलंय. माडाच्या मुळात वतणार होतंय, पण माड मरात. डब्यार फॉर्मॅलिन लिवलला आसा. टीव्हीर सांगल्यानी नाय, मासो टिकवूक ह्याच लावतत म्हणान? चार म्हयने आपण बाजारचो मासो खावक नाय, आणि तुमच्या आंगाचो गोळो मी त्या इखात ठेवू?"

काशीबाईचं शिक्षण सातवी; नासणाऱ्या वस्तूंचा अनुभव मात्र चाळीस वर्षांचा. तिने गाठ दोन पाण्यांतून धुतली, हळद-मीठ चोळलं आणि सुरमईच्या डब्यात घालून फ्रीजमध्ये ठेवली. धोंडूने ती पाहिली. पिवळीधमक, आणि खरं सांगायचं तर हॉस्पिटलातल्यापेक्षा तरतरीत. वास घेतला. नव्हता. वास नाही म्हणजे ताजं, हे जन्मभर मासळी खाल्लेल्या माणसाला वेगळं शिकवावं लागत नाही. शिवाय डॉक्टरांना फोन करायचा, तर बायकोचा पराक्रम सांगावा लागला असता. त्याने फ्रीज लावून घेतला.

सोमवारी लॅबमधल्या संचिताने डबा उघडला आणि दिव्याखाली धरला. धोंडूने ठेवणीतलं मराठी काढलं.

"मॅडम, एकदम ताजी आहे."

"हळद कोणी लावली?"

"मिसेसने."

"पेशी दिसायला रंग आम्ही लावतो, काका. काप काढल्यावर. मीठपण आहे?"

"बेताचंच."

आठ दिवसांनी रिपोर्ट आला. काशीबाईने तो आधी देवापुढे ठेवला, मग धोंडूने चष्मा लावून वाचला. पेशी ओळखण्याच्या स्थितीत नाहीत, निदान शक्य नाही, नवीन नमुना पाठवावा.

"म्हणजे कॅन्सर नाय?" काशीबाईने विचारलं.

"म्हणजे आणखी एक तुकडो देवक व्हयो."

"मगे देवया. ह्या खेपेक हळद नको लावूया."

धोंडूने डॉक्टरांना फोन लावला. डॉक्टर म्हणाले, गाठ मुळासकट काढलेली आहे.