सगुणचं गाऱ्हाणं

"माझ्या पोटाचा कोणा माणसाक सांगलात तर बघा!" पेडण्याच्या पद्मावतीने नवऱ्याला, सगुणला, दम भरला होता.

छातीतल्या गाठीसाठी केमोबरोबर तिला दर तीन आठवड्यांनी एक नवं इंजेक्शन मिळत होतं. डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं, अंगात टी पेशी नावाचे राखणदार असतात, कर्करोग त्यांना भुलवून झोपवतो आणि हे औषध त्यांना जागं करतं. "पण जागे झाले की कधीकधी घरच्यांनाच बडवतात. पोट बिघडलं तर त्याच दिवशी फोन करा."

गाठ हाताला लहान लागू लागली आणि नेमकं पोट बिघडलं. सांगितलं तर इंजेक्शन बंद होईल, या धास्तीने बाई चार दिवस नुसती पेज पिऊन गप्प होती.

सगुणची मात्र पंचाईत झाली. देवळात गावाच्या वतीने गाऱ्हाणं घालायचा मान त्याच्या घराण्याचा, आणि गाऱ्हाण्यात देवापासून काही लपवायचं नाही हा वाडवडिलांचा दंडक. सोमवारी तो हात जोडून उभा राहिला.

"बा देवा म्हाराजा! माझ्या बायलेचे राखणदार तू जागे केलंस!"

"व्हय म्हाराजा!" जमलेल्या पन्नास जणांनी साथ दिली.

"पण ते आता तिच्या आतड्यांकाच बडवतत! दिसाक सात फावट परसाक धावता ती!"

"व्हय म्हाराजा!" सवयीने सगळे गरजले.

बायकांत उभ्या असलेल्या पद्मावतीला मेल्याहून मेल्यासारखं झालं. गर्दीतून आरोग्य केंद्रातली नर्स रेश्मा पुढे आली आणि तिने पद्मावतीचा हात धरला. "मावशे, आत्ताच्या आत्ता गाडयेत बस."

"माणसाक सांगू नको म्हणाललंस," सगुण पुटपुटला. "मी देवाक सांगलंय."

इंजेक्शन थांबलं, आतड्यांची सूज उतरवायच्या गोळ्या सुरू झाल्या. पंधरा दिवस ती नवऱ्याशी चकार शब्द बोलली नाही. मग तपासणी झाली. लिंबाएवढी गाठ काजूच्या बीएवढी उरली होती. "राखणदार जागे झालेत, आता ऑपरेशन करू," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "आठवडाभर उशीर झाला असता, तर मात्र आतडं फाटलं असतं."

त्यानंतरच्या सोमवारी सगुण पुन्हा देवापुढे उभा राहिला. या वेळी त्याने पोटाचा विषय शिताफीने टाळला. पद्मावतीने त्याला कोपराने ढोसलं.

"पुरा सांगा. दिसाक एकच फावट म्हणून सांगा."

सगुणने तोंड उघडलं, पण रडूच कोसळलं. मग पद्मावतीनेच मोठ्याने सांगून टाकलं, आणि अख्खं देऊळ गरजलं, "व्हय म्हाराजा!"