शिंपीमास्तरांच्या कानाचा चिमटा

मी डॉक्टरीणबाईंचा कानाचा चिमटा बोलतोय. मनात घर करून बसलेली भीती मी चुटकीसरशी पळवून लावतो! बरं बाबा, चुटकीसरशी नाही, पाच-सहा आठवडे लागतात. आणि पळवून लावतो असंही नाही, ती ज्याची त्यालाच पळवावी लागते. मी नुसत्या कानाला मुंग्या आणतो.

एक डबी, एक वायर, टोकाला मी आणि एक हिरवा दिवा, एवढाच आमचा संसार. शिक्षण म्हणाल, तर टेबलावर पडल्या पडल्या ऐकलं तेवढंच. कानातून एक नस मेंदूकडे जाते. मी तिला हलक्या विजेने छेडायचं आणि त्याच वेळी माणसाने भीतीसमोर बसायचं. मग ‘अरेच्चा, या खेपेला काहीच झालं नाही’ हे मेंदू जरा लवकर शिकतो, असं बाई म्हणतात. पुढचं त्यांनाच विचारा, मी परीक्षेला बसलेलो नाही.

माझ्याही आयुष्यात एक काळा दिवस आहे. सफाईच्या मावशींनी माझी वायर पार्सलची सुतळी समजून कात्रीने कच्चकन कापली. बाईंनी निळी चिकटपट्टी लावून जोडली. तेव्हापासून कात्री वाजली की माझा दिवा मिचमिचतो. बाई म्हणतात, जोड सैल आहे. म्हणू देत बापड्या.

मग आले शिंपीमास्तर. मिशीवर लिंबू ठेवावं असा गडी, आणि घाबरत होता कशाला? शिलाई मशीनच्या खडखडाटाला! सुई बोटातून आरपार गेली होती. बोट बरं झालं, पण मशीन वाजलं की हातांना घाम. इकडे लेकीचा वकिलीतला पहिला दिवस सहा आठवड्यांवर. ‘तुझा काळा कोट मीच शिवणार,’ हे ती शाळेत होती तेव्हापासूनचं वचन. कापड कापून पडलेलं, शिवतो कोण?

दवाखान्यात बाई मशीनचा रेकॉर्ड केलेला आवाज लावायच्या आणि मी मास्तरांच्या कानाला बसायचो. तिसऱ्या आठवड्यात मास्तर त्या आवाजात जांभया देऊ लागले. बाईंनी मला मास्तरांच्या घरी धाडलं आणि त्यांना बजावलं, ‘आता खऱ्या मशीनसमोर बसा.’

पठ्ठ्याने काय करावं? मशीनवर चादर टाकली, मला कानाला लावलं आणि आठ दिवस टीव्हीवर कुस्ती बघितली! चादर काढली, तर घाम तसाच.

“हे यंत्रच बोगस आहे,” मास्तर म्हणाले.

“अहो, टीव्हीला घाबरत होतात का तुम्ही?” त्यांच्या बायकोने विचारलं. “त्याची भीती मात्र पार गेली हो!”

लेक हळूच म्हणाली, “बाबा, राहू द्या. मी तयार कोट घेते.”

“तयार? शिंप्याची पोरगी तयार कोट घालणार?” मास्तरांनी मला कानाला लावलं आणि पायडलवर पाय ठेवला. खडखड! घाम. थांबले. पुन्हा खडखड. पहिल्या दिवशी वीतभर शिवण झाली, तीही वाकडी. मी जीव तोडून मुंग्या आणत होतो. दुसऱ्या दिवशी ती उसवून सरळ घातली. असे दोन आठवडे गेले.

काल कोट पुरा झाला. लेक तो घालून आरशासमोर उभी, आणि मी टेबलावर ऐटीत: बघा, कोणामुळे!

तेवढ्यात मास्तरांनी बाहीचा शेवटचा दोरा कात्रीने कच्चकन तोडला. माझा दिवा मिचमिचला. मास्तरांनी वळून पाहिलं. मुद्दाम हवेत कात्री वाजवली. पुन्हा मिचमिच.

मला उचलून ते मिशीत हसले. “असं होय! लेका, मला शूर करायला निघालास, आणि स्वतः कात्रीला टरकतोस? बोल, आता तुझ्या कानाला काय लावू?”