कोरड्या तळ्यातला जिता मासा

"निघाला! जिता निघाला!" भर मे महिन्यात, आटून भेगाळलेल्या तळ्यात गाळबाबानं खोऱ्यानं ढेकूळ उलथलं आणि खालच्या गाळातून वीतभर मासा वळवळत वर आला. मुखेडजवळच्या त्या गावातली माणसं धडाधड पाया पडू लागली.

"पाण्याबिगर जगतो, तो माझा मासा!" बाबा गरजला. "दमेकऱ्यानं याला हात लावायचा, आपला दम्याचा पंप याच्या जागी पुरायचा अन् माझ्या रिंगणात बसायचं. दिवस बुडायच्या आत रिंगण सोडलं, तर उलटंल!" म्हणजे बरं झालं तर बाबामुळं, मेलं तर तुमच्यामुळं. वा रे पठ्ठ्या!

मी उदगीरला शाळेत विज्ञान शिकवतो. निरोप मिळाला तसा जीप घेऊन निघालो, कारण त्या रिंगणात माझी भाची तनुजा होती. पोचलो तेव्हा तिचे ओठ निळे पडले होते. श्वासागणिक बरगड्या आत जात होत्या. तिच्या आईनं, माझ्या शिवकांताअक्कानं, तिला छातीशी आवळून धरलं होतं.

"अक्का, पंप कुठाय?"

"पुरला. तू गप बस."

"तिच्याकडं बग तरी! चल, दवाखान्यात नेऊ."

"न्हाई! रिंगण मोडलं तर लेकरू जाईल माझं!"

तनूला उचलायला गेलो, तर चौघांनी मला मागं खेचलं. माझं डोकंच फिरलं. हिसडा देऊन सुटलो, रिंगणात मधोमध ठेवलेला तो मासा उचलून पाण्याच्या बादलीत टाकला आणि प्रसादाची चाळणी वरून पाण्याखाली दाबून धरली. मासा तोंड वासून चाळणीला धडका मारू लागला.

"आरं सोड त्याला!" अक्काच ओरडली. "मरंल की! हवा तर घेऊ दे!"

मी चाळणी काढली. माशानं तोंड वर काढून गपकन हवा गिळली.

"ही मरळ हाय, अक्का. हिच्या कल्ल्यांच्या वर हवेसाठी पोकळी असती. तळं आटलं की ही ओल्या गाळात घुसती अन् वरची हवा घेत पावसाची वाट बघती. यात बाबाचं काय? हवा तोडली तर पाण्यातसुद्धा मरती ही. अन् तनूची हवा तू गाळात पुरलीस गं!"

अक्कानं तनूला माझ्या हातात दिलं आणि दोन्ही हातांनी गाळ उकरायला लागली. पंप सापडला, पदरानं पुसला, तिथंच दिला. मुखेडच्या दवाखान्यात ऑक्सिजन लावला, तेव्हा कुठं पोरीच्या ओठांचा रंग परतला.

बाबा त्या गडबडीत पसार झाला. पण त्याच्यापायी पुरलेले बाकीचे पंप अजून त्या गाळात आहेत, आणि ते ज्यांचे, ती लेकरं घरी धापा टाकत आहेत. मायबापहो, माशाच्या पाया पडून कुणाला श्वास मिळत नाही. ते पंप उकरून काढा, नाहीतर नवे घ्या, पण लेकरांना आजच्या आज डॉक्टरकडं न्या.