तीट लागलेला मोबाईल

बुधवारी सकाळी दहा वाजून सात मिनिटांनी मी आंधळा झालो. वेळ चुकायची नाही, घड्याळ माझ्याच पोटात आहे.

मी रेश्माचा मोबाईल बोलतोय. म्हसवडजवळच्या एका वस्तीवर राहतो. रेश्माचे मालक विश्वजीत फौजेत आहेत. लेकीचं तोंड रोज दिसावं म्हणून मागच्या सुट्टीत त्यांनी मला आणलं. लेक साक्षी, पहिलीत. घरी तिचं तोंड पिठाच्या गिरणीसारखं चालतं, शाळेत मात्र शब्द फुटत नाही. रेश्माला त्याचाच घोर. रोज फोनवर मालकांना तेच सांगायची.

"आवं, पोरगी शाळंत मुक्यागत बसती. बाई म्हणत्याल, हिला काय येतच न्हाई. मागं पडली म्हंजी?"

"बोलंल की. तुझीच लेक हाय."

शाळेच्या राजेश्वरी बाईंचं तेव्हा प्रशिक्षण चालू होतं. पूर्वी त्यासाठी शाळा सोडून एसटीनं लांब जावं लागायचं. आता आपण कसं शिकवतो त्याचा व्हिडिओ पाठवायचा. सांगलीच्या संयोगिता मॅडम आणि गटातले शिक्षक तो बघून काय सुधारायचं ते सांगणार. बाईंचा फोन दुरुस्तीला गेलेला, म्हणून रेश्मा मला घेऊन शाळेत गेली.

बाईंनी मला पाण्याच्या माठाला टेकवलं, पोरं नीट दिसतात का बघितलं. "रेश्मा, मी खूण केली की लाल बटण दाब आणि जा."

बाईंनी खूण केली. रेश्माचं बोट बटणावर थांबलं. एवढे लोक आपल्या लेकीला बघणार, दृष्ट लागली तर? साऱ्या वर्गाला कुठं तीट लावत बसायचं? तिनं आपल्या डोळ्यातलं काजळ बोटावर घेतलं आणि मलाच लावलं. पाठीवर, नेमकं कॅमेऱ्यावर. मग लेकीकडं बघतच बटण दाबलं आणि गेली. मला वाजता येतं, ओरडता येत नाही. आणि वाजायला कुणी फोन तर केला पाहिजे.

तास संपला. रेंज होती तोवर बाईंनी न बघताच व्हिडिओ पाठवून दिला.

शाळा सुटल्यावर बाई रेश्माच्या ओट्यावर मला घेऊन बसल्या. सगळे शिक्षक फोनवर जमले. मॅडमनी व्हिडिओ लावला. काळाकुट्ट.

"बाई, लाइट गेली हुती का?" तासगावच्या लालासाहेब गुरुजींनी विचारलं.

"राहू द्या," मॅडम म्हणाल्या. "आवाज आहे ना? ऐकू या."

ऐकलं. "हे काय आहे? हा तराजू आहे. जड बाजू कुठं जाते? खाली जाते. का जाते? जड असते म्हणून." शेवटपर्यंत असंच.

मॅडमनी हळूच विचारलं, "बाई, वर्गात मुलं होती ना?"

बाईंचा चेहरा पडला. लालासाहेब म्हणाले, "मलाबी हीच खोड हुती. आता प्रश्न इचारला की तोंडात बेदाणा धरतो. चावायचा न्हाई. मऊ पडंस्तवर गप."

फोन ठेवल्यावर रेश्मानं मला पालथं करून पाहिलं, जीभ चावली आणि पदरानं पुसलं. "बाई, हे माझ्या बोटाचं काजळ हाय."

"असू दे गं. दिसलं असतं तर सगळे पोरांच्या सरळ रांगाच बघत बसले असते. मीच विचारते, मीच सांगते, हे कुणाला कळलं असतं?"

पुढच्या आठवड्यात मी परत माठाला टेकलो. या खेपेला रेश्मानं हात पाठीमागं बांधले होते.

"भोपळा पाण्यात टाकला तर बुडेल का तरंगेल?" बाईंनी विचारलं आणि बेदाणा तोंडात टाकला. वर्ग चिडीचूप. बाई उत्तर कसं सांगत नाहीत म्हणून पोरं एकमेकांकडं बघायला लागली. मला वाटलं, मीच हँग झालो.

तेवढ्यात मागनं साक्षीचा आवाज आला, "बाई, तुमी एकट्याच काय खाताय?"

दाराबाहेर रेश्मानं तोंडाला पदर लावला. बाईंनी साक्षीच्या हातावर बेदाणा ठेवला. "आता तू सांग. बुडेल का?"

"तरंगतो. म्या हौदात टाकला हुता. आजीनं लय मारलं."

मग सगळ्यांनाच सांगायचं होतं. कुणी चप्पल टाकली होती, कुणी वडलांचं घड्याळ.

आता माझी काच तडकलीय, जागाही भरलीय. पण रेश्मा भोपळ्याचा तो व्हिडिओ काही पुसत नाही. साक्षी वर्गात एवढी बोलते की बाईंना बेदाणा चघळायला सवडच मिळत नाही.

मी बंद पडायच्या आत एवढा निरोप पुढं पोचवा. तुमच्या गावच्या बाई-गुरुजींना सांगा, प्रश्न विचारला की जरा दम धरा. आणि त्यांना फोन देणाऱ्या आयांना सांगा, तीट पोराच्या गालाला लावा, आमचा डोळा तेवढा सोडा.